टेबलमावशीचा तळहात

"गुडघे सैल, आजी. सैल म्हणजे दुमडायचे नाहीत, नुसते सैल."

"सैलच आहेत. तुम्ही चालू करा."

थेरपीवाल्या मॅडमनी बटण दाबलं आणि मावशींच्या तळव्यांखालची चौकोनी पाटी थरथरू लागली. वजनकाट्याहून जरा मोठी पाटी, पुढे धरायला दांडी आणि दांडीवर आकडे दाखवणारा एक छोटा पडदा. पाटी सेकंदाला तीस वेळा हलते, असं मॅडम सांगत. डोळ्यांना मात्र काही दिसत नसे. तळव्यांतून पोटऱ्यांत, पोटऱ्यांतून मांड्यांत आणि तिथून कमरेच्या हाडात ती थरथर चढत जाई. आठवड्यातून तीनदा, दर वेळी दहा मिनिटं. ज्यांची हाडं ठिसूळ झालीत त्यांच्यासाठी हा उपचार. हाडाला वाटतं आपल्यावर काम पडलंय, आणि काम पडलं की ते अंग धरतं, असं मॅडम समजावत. "धरतंच असं नाही हं," हेही लगेच सांगत, कारण मॅडम गोड बोलून फसवणाऱ्यांतल्या नव्हत्या. "काहींना गुण येतो, काहींना नाही. गोळ्या सोडायच्या नाहीत."

नवीन माणूस पाटीवर चढलं की गुडघे ताठ करतं. मग ती थरथर थेट डोक्यात जाते आणि दात वाजायला लागतात. मावशी पहिल्या दिवशी चढल्या त्या जणू पाटीवरच जन्माला आल्यासारख्या. मॅडमनी चष्मा वर करून विचारलं होतं, "आजी, ही थेरपी आधी कुठे घेतलीय का?"

"घेतली नाही, दिलीय," मावशी म्हणाल्या होत्या. "एकतीस वर्षं. खांबांना."

ही थट्टा नव्हती. कुंपणाचे सिमेंटचे खांब आणि गटाराची झाकणं ओतणाऱ्या कारखान्यात मावशींनी आयुष्य काढलं. तिथे एक हलणारं लोखंडी टेबल होतं. त्यावर साचा ठेवायचा, साच्यात काँक्रीट ओतायचं आणि टेबल चालू करायचं. थरथरीनं आतली हवा बुडबुड्यांनी वर येते आणि माल घट्ट बसतो. लवकर थांबवलं तर आत पोकळ्या राहतात, आणि खांब पहिल्याच धक्क्याला मोडतो. जास्त हलवलं तर खडी तळाला जाते, पाणी वर येतं, आणि तोही खांब वायाच. कधी थांबवायचं ते सांगणारं घड्याळ तिथे नव्हतं. मावशींचा तळहात होता. टेबलाच्या कडेवर हात टेकून त्या उभ्या राहत. आधी खडखड, मग घरघर, मग एकदम जड, तेल घातल्यासारखा आवाज. तो आला की मावशी म्हणत, "बास." मुकादमापासून मालकापर्यंत सगळे त्यांना टेबलमावशी म्हणत. सोमवारी, सुट्टीनंतर काम सुरू होण्याआधी, रिकामं टेबल चालू करून मावशी त्याच्यावर हात ठेवत आणि टेबलाचे पाय नीट टेकलेत का ते बघत. त्यांनी "चालू द्या" म्हटल्याशिवाय एक घमेलं हलत नसे. मालक स्वतः आला तरी ताटकळत उभा राही.

म्हणून मागच्या वर्षी साधं पाय घसरून मनगट मोडलं आणि डॉक्टरांनी हाडाच्या आतलं चित्र दाखवलं, तेव्हा मावशींनी ते नीट निरखून पाहिलं. निरोगी हाड दाट होतं. त्यांच्या वयाचं हाड जाळी जाळी झालेलं.

"हा माल रिजेक्ट आहे," त्या म्हणाल्या. "ओतणाऱ्यानं घाई केलीय."

डॉक्टर हसले. मावशींचा मुलगा हसला नाही. तो दुसऱ्या शहरात राहत होता आणि त्याला आईच्या घराचे दोन मजल्यांचे जिने डोळ्यांसमोर दिसत होते.

"आई, बास झालं आता. माझ्याकडे चल. तळमजल्याची खोली रिकामी आहे."

"खोली तुझी चांगली आहे. पण माझी माझी आहे."

ती खोली मावशींनी खांब ओतून मिळवलेली होती. दोन मजले वर, एक खिडकी, एक ओटा, आणि कुलपाची किल्ली स्वतःच्या कमरेला. बरीच वादावादी झाली आणि शेवटी मायलेकांचं ठरलं. एक वर्ष. वर्षात आई पडली नाही आणि पुढच्या तपासणीत हाडांचा आकडा खाली गेला नाही, तर ती इथेच राहील. यातलं काही एक जरी बिघडलं, तर मुलगा बॅग घेऊन येईल आणि मावशींनी चकार शब्द काढायचा नाही. मुलाचा स्वभाव मावशींवरच गेला होता. शब्द म्हणजे शब्द.

म्हणूनच मावशी पाटीवरचा एकही दिवस चुकवत नसत. नऊ महिने सुरळीत गेले. मग सुट्टीच्या दिवशी दवाखान्यातल्या थेरपीच्या खोलीला रंग दिला आणि यंत्र सरकवून खिडकीजवळ ठेवलं.

सोमवारी मावशी पाटीवर चढल्या आणि अर्ध्या मिनिटात म्हणाल्या, "मॅडम, हे खडखडतंय."

मॅडमनी पडद्याकडे पाहिलं. "तीस दाखवतंय, आजी. बरोबर आहे."

"आकडा बरोबर असेल. पाय टेकलेला नाही. मागचा, डावा."

"आजी, परदेशातून आलंय हे मशीन."

"मशीन परदेशातलं असेल. फरशी इथलीच आहे ना?"

मॅडमना बाहेर रांग दिसत होती. त्या विषय टाळून पुढच्या माणसाला हाक मारून मोकळ्या झाल्या. बुधवारी मावशींनी पुन्हा सांगितलं, आणि पुन्हा तेच उत्तर मिळालं. शुक्रवारी मावशी पंधरा मिनिटं आधी आल्या. खोली उघडी होती आणि आत कोणी नव्हतं. भिंतीवर सूचना होती, मोठ्या अक्षरांत: यंत्राला हात लावू नये. लावल्यास उपचार बंद होतील. मावशींनी ती वाचली. अक्षरओळख त्यांना चांगली होती. मग त्यांनी पिशवीतून एक निळा तुकडा काढला. जुन्या रबरी चपलेच्या तळाचा, आदल्या दिवशी बरोबर मापानं कापलेला. कारखान्यात टेबल डुगडुगलं की चपलेचा तुकडा पायाखाली सारायचा, ही एकतीस वर्षांची रीत होती. कोपरा जरासा उचलून त्यांनी तुकडा आत सरकवला आणि बाकावर येऊन बसल्या. त्या दिवशी पाटी लोण्यासारखी चालली. मावशींना मनातून फार बरं वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा गर्वही झाला.

पाच आठवड्यांनी मुलाच्या आग्रहावरून त्या आठ दिवस त्याच्याकडे राहायला गेल्या. सून गुणाची. इतकी की मावशींच्या हातातून पाण्याचा तांब्यासुद्धा काढून घेई. "तुम्ही बसा हो." भाजी निवडायला घेतली तरी, "तुम्ही बसा हो." नात पाच वर्षांची. तिला कोणीतरी सांगून ठेवलं होतं की आजी पडली तर मोडेल. ती घरभर आजीच्या मागे उशी घेऊन फिरत होती. पहिल्या दिवशी मावशी खूप हसल्या. चौथ्या दिवशी संडासाच्या दारातही उशी उभी दिसली, तेव्हा त्यांना रडू येईल असं वाटलं. कोणी वाईट वागत नव्हतं, म्हणून तर बोलायला जागा नव्हती. आठव्या दिवशी त्या बसमध्ये बसल्या आणि पोटापासून श्वास घेतला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पाऊल टाकलं तर आतून आवाज येत होता. मॅडमचा.

मावशींच्या आधी पाटीवर चढणारे एक निवृत्त हेडमास्तर होते. उंच, पाठीत वाकलेले, बोलणं मोजूनमापून. ते कमरेला पट्टा बांधून बाकावर बसले होते. गेल्या आठवड्यात पाटीवर उभे असतानाच त्यांची कंबर धरली होती. फोटोत हाड शाबूत निघालं, हे नशीब. पण मॅडमनी यंत्र बंद केलं होतं आणि खाली वाकून पाहिलं होतं. आता त्यांच्या हातात तो निळा तुकडा होता. चपटा झालेला, एका बाजूला झिजून पातळ पडलेला.

समोर सफाईवाली उभी होती.

"मी हात नाही लावला मॅडम. आईशप्पथ."

"मग हे चालत आलं का इथे? रोज फरशी पुसायला मशीन कोण सरकवतं? मागच्याच महिन्यात तुला ताकीद मिळालीय. एका माणसाची पाठ गेली असती."

"नाही सरकवत मी. कडेकडेनं पुसते."

सफाईवालीचं आणि मावशींचं कधी पटलं नव्हतं. फरशी ओली ठेवते म्हणून मावशी तिच्यावर खेकसत, आणि ती पाठ वळली की "म्हातारी फार बोलते" असं सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या हळू म्हणत असे. त्या घडीला मावशींनी गप्प राहायचं म्हटलं असतं तर कोणाला कळलंही नसतं. त्यांनी भिंतीवरची सूचना पाहिली. तपासणीला दोन महिने उरले होते. त्यांना नातीच्या हातातली उशी आठवली. मग मास्तरांच्या कमरेचा पट्टा दिसला.

"ती चप्पल माझी आहे," मावशी म्हणाल्या.

कोणाला नीट समजलं नाही. मॅडम म्हणाल्या, "काय?"

"तो तुकडा. माझ्या चपलेचा आहे. मीच घातला, दीड महिन्यापूर्वी. तिला काही माहीत नाही." मग त्या मास्तरांकडे वळल्या. "मास्तर, चूक माझी. तुमची कंबर माझ्यामुळे गेली. टेबलावर खांब असायचे, एखादा मोडला तर फेकून देत होतो. इथं माणूस उभा असतो, हे माझ्या लक्षात राहिलं नाही. रबर दबलं की पाटी तिरकी होणार, हे मला कळायला पाहिजे होतं. कळायला पाहिजे तर मलाच."

मास्तरांनी पट्ट्यावर हात ठेवून जरा सरळ व्हायचा प्रयत्न केला.

"अडतीस वर्षं शाळेत होतो मी," ते म्हणाले. "न विचारता आपणहून चूक सांगणारी तीन मुलं भेटली. तुम्ही चौथ्या."

मॅडम मात्र खुर्चीत बसल्या आणि बराच वेळ फाईल उघडून बघत राहिल्या. त्यांना दोनदा सांगितलेलं आठवत असावं. पण यंत्र त्यांच्या घरचं नव्हतं. दवाखाना चालवणाऱ्या मंडळाला उत्तर द्यावं लागणार होतं, आणि यादीत चाळीस माणसं नंबर लावून बसली होती.

"आजी, नियम आहे."

"वाचला होता मी."

"मला नाव काढावं लागेल."

"काढा," मावशी म्हणाल्या. आवाज त्यांनी सरळ ठेवला. बाहेर आल्यावर मात्र बाकाचा आधार घेऊन त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. दहा महिने एका गोष्टीसाठी राबायचं आणि स्वतःच्याच हातानं ती मोडायची, असं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं होतं.

दोन दिवसांनी यंत्र दुरुस्त करणारा माणूस आला. नेमकी कुठे काय अडचण होती ते सांगायला मॅडमनी मावशींना बोलावून घेतलं. त्यानं यंत्र आडवं केलं, मागच्या डाव्या पायाला दोन बोटं लावली आणि तो पाय फिरवला. पाय गरगर फिरला.

"आटे आहेत याला, मावशी. वर-खाली होतो. फरशी उंचसखल असली की एवढंच फिरवायचं."

मावशींनी स्वतः तो पाय फिरवून पाहिला. "म्हणजे चप्पल नको?"

"चप्पल कशाला?"

"एकतीस वर्षं चपला कापल्या मी," मावशी म्हणाल्या, आणि इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला.

पण तो माणूस हसला नाही. तो फरशीवर पट्टी ठेवून बघत होता. "पाय उचललेला होता हे मात्र खरं. केसाएवढा. हे तुम्हाला कसं कळलं? पडद्यावर येत नाही ते."

"तळव्याला कळतं."

"तळवा खरा, औषध चुकलं," तो म्हणाला आणि मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी नजर खाली घेतली. यंत्र सरळ करून त्यानं चालू केलं. कोणीच पाटीवर चढलं नाही. पाटी रिकामीच थरथरत होती.

"मावशी," मॅडम म्हणाल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्या 'आजी' म्हणाल्या नव्हत्या. "हात ठेवून बघता का?"

मावशींनी भिंतीवरच्या सूचनेकडे बोट केलं.

"तो नियम पेशंटना आहे," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही आता पेशंट कुठे आहात?"

हे बोलणं लागलं, आणि त्याच वेळी सुखावूनही गेलं. मावशी गुडघ्यांवर हात टेकत सावकाश खाली वाकल्या आणि पाटीवर तळहात ठेवला.

त्यानंतर दर सोमवारी सकाळी त्या दवाखान्यात जाऊ लागल्या. पाटीवर उभं राहायला बंदी होती. हात ठेवायला नव्हती. मॅडमनी घरी करायचे व्यायाम कागदावर लिहून दिले. ओटा धरून टाचा उचलायच्या, एका पायावर उभं राहायचं, जिना चढायचा. मावशींनी ते नेमानं केले. दुधाचं पातेलं तापेपर्यंत डावा पाय, भात शिजेपर्यंत उजवा. सफाईवालीनं काही आभारबिभार मानले नाहीत. पण सोमवारी मावशी यायच्या वेळेला दारापासून यंत्रापर्यंतची फरशी कोरडी खडखडीत असायची. एकदा मावशी दहा मिनिटं लवकर आल्या तेव्हा ती वाकून सुक्या फडक्यानं पुसत होती. दोघींनीही काही झालंच नाही असं दाखवलं.

वर्ष पुरं झालं. सोमवारीच मुलगा आला. खांद्यावर मोठी बॅग होती आणि ती रिकामी होती, हे तिच्या लोंबण्यावरून कळत होतं. मावशी त्याला घेऊनच दवाखान्यात गेल्या. तपासणी गेल्या आठवड्यातच झाली होती, कागद मॅडमच्या हातात होता.

"गेल्या वर्षी जो आकडा होता तोच आहे," मॅडम मुलाला म्हणाल्या. "वर नाही, खाली नाही."

"म्हणजे फायदा नाही झाला?" त्यानं विचारलं.

"या वयात दर वर्षी थोडा खाली जायला हवा होता. गेला नाही. यंत्रामुळे, गोळ्यांमुळे, की व्यायामामुळे, ते मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण गेल्या वर्षी त्या एका पायावर चार सेकंद उभ्या राहिल्या होत्या. परवा तीस मोजून मीच थांबवलं. हाड घट्ट होणं ही एक गोष्ट. माणूस न पडणं ही दुसरी."

मुलानं आईकडे पाहिलं. मावशी ऐकत नव्हत्या. त्यांचं लक्ष यंत्राकडे होतं. बाकावर पाच-सहा माणसं बसली होती, पहिले मास्तर, आता पट्टा नसलेले. त्यांच्या शेजारी एक नवीन बाई, जी मावशींच्या जागी यादीत आली होती. सगळे थांबले होते. कशासाठी, ते मुलाला कळेना.

मॅडमनी बटण दाबलं. मावशी खाली वाकल्या आणि थरथरणाऱ्या पाटीवर तळहात पसरून ठेवला, तोच हात, ज्याचं मनगट मोडलं होतं. डोळे मिटले. खोलीत कोणी खोकलंसुद्धा नाही. लहानपणी कारखान्यात डबा घेऊन गेल्यावर मुलानं हे दृश्य दारातून पाहिलं होतं. मालक उभा, मुकादम उभा, आणि मध्ये त्याची आई. तेव्हा त्याला वाटलं होतं की आईला टेबलाला हात लावून उभं राहायची शिक्षा झालीय. इतक्या वर्षांनी आता त्याला कळलं की तेव्हा सगळे कशासाठी थांबायचे.

"चालू द्या," मावशी म्हणाल्या.

बाकावरची माणसं सैलावली. मास्तर उठून पाटीवर चढले आणि दांडी धरली.

मुलानं खांद्यावरची बॅग काढली, तिची घडी केली, घडीची पुन्हा घडी केली आणि काखेत धरली. "पुढची तपासणी कधी म्हणालात?" त्यानं मॅडमना विचारलं. "वर्षानं ना?"

"वर्षानं."

"मी येईन तेव्हा," तो म्हणाला. मावशींनी वळून त्याच्याकडे पाहिलं, काखेतल्या घडीकडेही पाहिलं आणि मान डोलावली.

"गुडघे, मास्तर," त्या म्हणाल्या. "सैल."

मास्तरांनी गुडघे सैल केले. मावशी पाटीपासून हातभर अंतरावर, न हलणाऱ्या फरशीवर उभ्या होत्या. मुलाची नजर त्यांच्या पायांकडे गेली. पावलं किंचित फाकलेली होती, आणि त्यांचेही गुडघे तसेच सैल होते. दहा मिनिटं पुरी होईपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या.